उपकारांची थकबाकी

परोपकार करणे हे पुण्यकृत्य आहे, याविषयी आपल्याकडचे संत, शास्त्री, कीर्तनकार आणि प्राथमिक शाळेचे गुरुजी यांच्यात आजवर मतभेद झाल्याचे ऐकिवात नाही. परंतु परोपकार करून घेणे हे काय आहे, त्याने आपले पुण्य वाढते की घटते, आणि घटत असल्यास ते करणाऱ्याच्या खाती जाऊन जमा होते की काय, या प्रश्नाला मात्र कोणीच हात घातलेला नाही. सारा उपदेश देणाऱ्या हाताला उद्देशून आहे. घेणाऱ्याने किती वेळ संकोच करावा, ‘अहो, कशाला उगाच’ हे शब्द किती वेळा उच्चारून मग डबा हाती घ्यावा, आणि घेतल्यावर चेहऱ्यावर कृतज्ञता किती व स्वाभिमान किती ठेवावा, याचा शास्त्रार्थ कोणत्याही ग्रंथात नाही. त्यामुळे २०२० साली महामारी आली आणि उभ्या महाराष्ट्रावर एकाएकी शेजाऱ्याची मदत घेण्याचा प्रसंग गुदरला, तेव्हा आम्हा मध्यमवर्गीयांची जी तारांबळ उडाली ती निम्मी रोगामुळे आणि निम्मी उपकारांमुळे होती, असे माझे नम्र मत आहे. आणि हे मत मी पनवेल मुक्कामी राहून बनवले असल्यामुळे त्यास अनुभवाचा थोडाफार आधारही आहे.

पनवेलचा उल्लेख मुद्दाम केला, कारण दुसऱ्याच्या प्रवासास उपयोगी पडणे हा या गावाचा पिढीजात धंदा आहे. मुंबईहून गलबतात बसावे, पनवेलच्या बंदरात उतरावे आणि घाटाची वाट धरून पुण्यास जावे, हा जुन्या काळचा शिरस्ता. १८३० साली बोरघाटातून चाकांच्या गाड्या जाऊ लागल्या तेव्हा तो अधिकच दृढ झाला, आणि त्या गाड्यांची चाके, त्यांच्या बैलांची वैरण व गाडीवानांचा भात पुरवता पुरवता गाव नावारूपास आले. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, म्हणजे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटण्यापूर्वीच आमच्या पूर्वजांनी गटारांविषयी तक्रारी करण्यास प्रारंभ केला होता; २०१६ साली तिचीच महानगरपालिका झाली आणि त्या तक्रारींनाही महानगरीय दर्जा प्राप्त झाला. बंदर मागे पडले, परंतु कोकण रेल्वे, गोव्याचा महामार्ग आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग यांनी ती उणीव भरून काढली, आणि पळस्पे फाट्यावर घटकाभर उभे राहिले असता निम्मा महाराष्ट्र आपल्याकडे न पाहता निघून जातो, हे दृश्य आजही विनामूल्य पाहावयास मिळते.

जेथे सारे जग वाटेवर असते, तेथे स्वतः घरी बसणारा मनुष्य विरळाच असावयाचा. हार्बर मार्गावरील शेवटचे स्थानक आमचे. गाडी येथून रिकामी सुटते, त्यामुळे चपळ मनुष्यास खिडकी मिळते, आणि ही खिडकी पनवेलला घर घेण्याचे प्रमुख कारण म्हणून लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगितली जाते. २२ मार्च २०२० रोजी, रविवारी, जनता संचारबंदी झाली, सायंकाळी पाच वाजता लोकांनी थाळ्या वाजवल्या, लोकल बंद पडल्या आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून सारा देश कडीकुलपात गेला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. साखरेच्या गाठी कोणी दूरदृष्टीने आधीच आणून ठेवल्या होत्या, परंतु कडुनिंबाचे झाड मात्र संस्थेच्या फाटकाबाहेर, म्हणजे संचारबंदीच्या हद्दीत उभे होते. त्यामुळे त्या वर्षी अनेक घरांत नववर्षाचा प्रारंभ केवळ गोडाने झाला, आणि कडूची सोय पुढील काळाने केली. आमच्या समोरच्या घरातील गृहस्थांचा खिडकीचा अंमल इतका मुरलेला की, पहिले काही दिवस ते नेमाने स्नान करून, कपडे घालून, बैठकीच्या खोलीतील खिडकीपाशी सव्वा तास बसत. आणि त्यांच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून, ‘अहो, वाशीची खाडी आली का?’ असे विचारीत.

या काळात वरिष्ठांकडून जे हुकूम सुटू लागले त्यांस आधार होता १८९७ सालच्या साथरोग कायद्याचा. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला, आणि पुढील वर्षाच्या आरंभी हा अवघ्या चार कलमांचा कायदा अस्तित्वात आला. त्या काळी पुण्यात रँडसाहेबाने घरोघर झडतीचा जो सपाटा चालवला त्याचा शेवट गणेशखिंडीत कसा झाला हे मराठी मनुष्यास सांगावे लागत नाही. ज्या चार कलमांवर साऱ्या हिंदुस्थानचा कारभार चालला, त्यांवर आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांचे मात्र भागेना. त्यांनी फलकावर जे फर्मान लावले त्याची कलमे दर दिवशी वाढत गेली. उद्वाहकाचे बटण दंतकोरणीने दाबावे, आणि वापरलेली दंतकोरणी दुसऱ्या दंतकोरणीने उचलून टाकावी, असे एक कलम होते. दूधवाल्याने पिशवी दाराच्या कडीस अडकवावी, मात्र कडीस हात लावू नये व कोणत्याही परिस्थितीत कडी वाजवू नये, असे दुसरे. खोकला आल्यास संबंधित सभासदाने खोकण्याचे कारण कार्यालयास लेखी कळवावे, असे तिसरे. आणि शेवटचे, ज्यावरून पुढे इतिहास घडला ते, असे होते की, रुग्णालयात नोकरीस असलेल्या सभासदांनी जिन्याचाच वापर करावा, व शक्य झाल्यास आपली निवासाची व्यवस्था अन्यत्र करावी.

या शेवटच्या कलमाचा रोख तिसऱ्या मजल्यावरील परिचारिकाबाईंवर होता. मुंबईत नोकरी करणाऱ्या अत्यावश्यक सेवेतील लोकांची सोय मुंबईतच लावावी, अशी मागणी त्या दिवसांत मुंबईभोवतालच्या बहुतेक शहरांतून होत होती, त्यामुळे चिटणिसांना आपण काही अनुचित लिहीत आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. बाई काही बोलल्या नाहीत. पहाटे बसने जात, रात्री उशिरा येत, तीन जिने चढत, आणि चढताना कठड्यास हात लावत नसत. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी लोकल सुरू झाली तेव्हा त्यांना रोज खिडकी मिळू लागली. आणि आमच्या समोरच्या गृहस्थांना त्यांचा हेवा वाटला, हे त्यांनी मजजवळ खाजगीत कबूल केले.

आता मदत करणाऱ्यांच्या जाती सांगितल्या पाहिजेत. पहिली जात उपदेशकांची. पनवेल हे आयुर्वेदाचे माहेरघर. १८७२ सालापासून येथे धूतपापेश्वरची औषधे तयार होत आली असल्यामुळे, ज्याने या गावची हवा काही वर्षे घेतली तो निम्मा वैद्य झालाच, अशी येथील समजूत आहे. उरलेला निम्मा तो भ्रमणध्वनीवर होतो. सकाळी दालचिनीचा काढा, दुपारी गुळवेलीचा, तिन्हीसांजेस हळदीचे दूध आणि रात्री या तिन्हींमुळे झालेल्या जळजळीवर धण्याजिऱ्याचे पाणी, असा भरगच्च कार्यक्रम ही मंडळी इतरांस आखून देत, आणि ‘घेतलात ना?’ म्हणून खिडकीतून चौकशी करीत. दुसरी जात छायाचित्रवाल्यांची. तांदूळ, डाळ आणि तेलाची पिशवी यांचे एक गाठोडे. ते देण्यास चार हात, देताना हसण्यास सहा मुखे, आणि घेण्यास एकच संकोचलेला मनुष्य, ज्याचा चेहरा मुखपट्टीमुळे झाकला गेला हा त्या मुखपट्टीचा वैद्यकशास्त्राने न नोंदवलेला उपयोग होय. तिसरी जात अंतर राखून कळवळणाऱ्यांची. ‘काही लागलं तर नक्की सांगा हं,’ असे ते सांगत, आणि काही लागण्याच्या वेळी त्यांचा भ्रमणध्वनी विद्युत्प्रवाहावर लावलेला असे.

या तिन्ही जातींची थट्टा करणे सोपे आहे आणि ती मी मनसोक्त केली आहे. परंतु चौथ्या जातीपाशी येताच लेखणी आवरावी लागते. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेग ओढवून घेतला आणि १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, त्यांचे त्या कामातील एकही छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही. त्या जातीची माणसे आमच्याही गावी होती. उपजिल्हा रुग्णालय करोनाग्रस्तांसाठी राखून ठेवले गेले तेव्हा तेथे झाडलोट करणारे, कचऱ्याच्या गाडीबरोबर गल्लोगल्ली फिरणारे, औषधाच्या दुकानात काउंटरवर दोरी बांधून दिवसभर उभे राहणारे, ज्यांना घरी राहण्याची मुभाच नव्हती असे ते सारे. महामार्गावरून डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन माणसे आपापल्या मुलखाची वाट चालू लागली, तेव्हा रस्त्याच्या कडेला पाण्याची पिंपे आणि पोळीभाजीची पाकिटे घेऊन कोण उभे राहिले, याची यादी कोणापाशी नाही. मे महिन्यात पनवेल स्थानकातून श्रमिकांच्या खास गाड्या सुटल्या. दहा रुपयांची शिवभोजन थाळी पाच रुपयांस झाली. स्वस्त धान्य दुकानावर माणशी पाच किलो मोफत धान्यासाठी खडूच्या वर्तुळांत रांगा लागल्या. आणि त्या वर्तुळांत उभे राहण्याची सवय ज्यांना नव्हती अशी काही ओळखीची माणसे रांगेत दिसली, तर आपण दुसरीकडे पाहून निघून जावे, हीच त्यांना करण्याजोगी मोठी मदत होती.

आमच्या इमारतीत मात्र परोपकाराची खरी परीक्षा घेतली ती पहिल्या मजल्यावरील निवृत्त अव्वल कारकुनांनी. महसूल खात्यात सारी हयात काढलेला हा मनुष्य. कोणाचे एक पै देणे नाही व कोणाकडून एक पै येणे नाही, ही त्यांच्या आयुष्याची मिळकत. मुलगा दूरदेशी, घरात दोघेच. टाळेबंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी त्यांच्या दारी मुगाच्या खिचडीचा डबा ठेवला, आणि या मिळकतीस प्रथम तडा गेला. डबा घ्यावा तर ऋण, न घ्यावा तर उद्धटपणा. अखेर त्यांनी तो घेतला. परंतु त्याच सायंकाळी एक लाल बासनातली वही काढून तीत नोंद केली: ‘जमा: पहिला मजला, उजवी बाजू. मुगाची खिचडी. डबा एक, झाकणासह. परतफेड बाकी.’ वहीस एकदा प्रारंभ झाल्यावर ती थांबेना. ‘जमा: तळमजला. कोथिंबीर, जुडी अर्धी, पाने पिवळी.’ ‘जमा: दुसरा मजला. आंबाडीची भाजी. मागितली नव्हती.’

आता, रिकामा डबा परत करू नये, हा मराठी घराचा दंडक. काही नाही तरी चिमूटभर साखर घालून डबा परत जावयाचा, आणि ज्या घरी तो जाईल तेथून पुन्हा काही घेऊन परत यावयाचा. या एका दंडकाच्या बळावर आमच्याकडील शेजारधर्म शतकानुशतके, कोणाच्या उपदेशाची वाट न पाहता, चालू राहिला आहे. महामारीने घाला घातला तो नेमका येथे. ज्या घरी रोगी सापडला त्या घरास चौदा दिवसांचे विलगीकरण, दारावर पालिकेचा कागद, आणि आतली कोणतीही वस्तू बाहेर आणण्यास मज्जाव. डबे आत जात, बाहेर मात्र येत नसत. ज्या घरी लोकप्रियता अधिक त्या घरी डबे अधिक, आणि स्वयंपाकघराच्या फळीवर साऱ्या इमारतीचे वंशवृत्त उभे राही. कारण आपल्याकडील डब्यावर नाव घातलेले असते, आणि नावाबरोबर इतिहासही. ‘मामाकडून सप्रेम, १२-५-८७’ हा डबा ज्या लग्नातला, त्या लग्नातली नवरी आता आजी झालेली. ‘मंडळाच्या हळदीकुंकवानिमित्त’ हा डबा ज्या मंडळाचा, त्यातले दोन गट आता एकमेकांशी बोलत नाहीत. आणि दोन्ही गटांचे डबे एकाच रोग्याच्या ओट्यावर, एकावर एक, निमूटपणे बसलेले.

अव्वल कारकुनांना ही थकबाकी सहन होईना. मदतीची फेड मदतीने करावी तर त्यांच्यापाशी देण्याजोगे काय होते? शोधता शोधता त्यांना एक गोष्ट सापडली: अर्ज. जिल्ह्याबाहेर जावयाचे तर त्या काळी पोलिसांचा ई-पास लागे, आणि अर्ज लिहिण्यात उभ्या तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तिसऱ्या मजल्यावरील एका तरुणाची आई चिपळुणास आजारी पडली, तेव्हा त्यांनी फाटकाजवळ खुर्ची टाकून मजकूर सांगण्यास प्रारंभ केला: ‘अर्जदार मजकूर याची मातोश्री चिपळूण मुक्कामी अत्यवस्थ असून, तिच्या सेवाशुश्रूषेस अन्य कोणी कर्ता इसम नसल्याकारणाने, हुजुरांनी कृपावंत होऊन...’ तरुणाने नम्रपणे सांगितले की, हुजूर हे एक यंत्र असून त्यात कारणासाठी इतकी जागा नाही. मजकूर कमी करता करता अखेर ‘आई आजारी’ एवढाच उरला, आणि तेवढ्यावर पास मंजूर झाला. आपल्या हयातीत दोन शब्दांवर मंजूर झालेला अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही, परंतु वहीत पहिली खर्चाची नोंद पडली.

३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि हुकुमांचा हुकुमांशी सामना जुंपला. एकमेकांपासून लांब राहा, असे महामारीचे फर्मान. कच्च्या घरांतील लोकांनी एका छपराखाली यावे, असे वादळाचे. आमच्याकडे झाडे पडली, पत्रे उडाले, वीज गेली, आणि वीज गेल्यावर असे ध्यानात आले की, अडीच महिने माणसाने ज्याच्या आधाराने काळ कंठला तो भ्रमणध्वनी हेही विजेचेच लेकरू आहे. दुसऱ्या मजल्यावर ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्या दारासमोर, सुरक्षित अंतर राखून, भ्रमणध्वनींची रांग लागली. उपदेशकांचे काढे आपोआप बंद झाले. आणि माणसे अंधारात जिन्याच्या पायऱ्यांवर, प्रत्येकी एक पायरी सोडून, प्रत्यक्ष तोंडाने बोलू लागली. त्या रात्री चिटणिसांचे एकही कलम वाचण्यास उजेड नव्हता, त्यामुळे इमारतीचा कारभार विलक्षण सुरळीत चालला.

पाऊस पडला की, माथेरानच्या डोंगराखालच्या वाड्यांतून कातकरी, ठाकूर बाया रानभाज्या घेऊन पनवेलच्या बाजारात उतरतात. त्या वर्षी बाजार बंद-उघडा होत होता, तरी एक बाई शेवळांच्या जुड्या घेऊन आमच्या फाटकाशी आलीच. शेवळे ही भाजी रसिकांची. ती खाजरी, म्हणून तिच्याबरोबर काकडांची आंबट फळे घालावी लागतात, नाहीतर खाणाराचा घसा त्याच्या रसिकतेची चौकशी करतो. अव्वल कारकुनांनी दोन जुड्या घेतल्या आणि खिशातून पाचशेची नोट काढली, जी निर्जंतुक करण्याच्या हेतूने इस्त्रीखालून काढलेली असल्यामुळे कडक झालेली होती. बाईकडे सुटे नव्हते. त्यांच्याकडे दुसरे काही नव्हते. जुड्या परत करण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, ‘राहू दे रे बाबा. पुढच्या खेपेला दे.’ आणि वर मूठभर काकडे त्यांच्या पिशवीत टाकून, ‘ही आधी घाल, नाहीतर तोंड खाजंल तुझं,’ अशी ताकीद देऊन निघून गेली. ज्यांना मामलेदारही ‘रावसाहेब’ म्हणत त्यांना ‘अरे-तुरे’ करून, ज्या घरात उद्याच्या तांदळाची शाश्वती नाही त्या घरच्या बाईने उधारी दिली होती. त्यांनी वही उघडली, परंतु ही रक्कम कोणत्या सदराखाली लिहावी हे त्यांना कितीतरी वेळ कळेना. महसूल खात्याच्या साऱ्या इतिहासात रयतेने सरकारास दिलेली तगाई त्यांच्या ऐकण्यात नव्हती.

२०२१च्या एप्रिलात दुसरी लाट आली, तिच्याविषयी विनोदाने लिहिण्यासारखे फारसे नाही. रुग्णवाहिकेच्या आवाजावरून ती कोठल्या दिशेस चालली हे मुलांनासुद्धा ओळखू येई, आणि प्राणवायू मोजण्याचे ते चिमुकले यंत्र इमारतीत दारोदार फिरे. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की घराचे बोलणे थांबे. अशाच एका रात्री दोनच्या सुमारास चिटणिसांच्या सौभाग्यवतींचा आकडा खाली उतरला. मोटारी झोपलेल्या, दूरध्वनी कोणी उचलीना, खाट कोठे शिल्लक आहे ते समजेना. तेव्हा चिटणीस तीन जिने चढून गेले आणि त्यांनी परिचारिकाबाईंची कडी, आपल्याच हस्ताक्षरातील कलमाचा भंग करून, वाजवली. दार उघडताच ते म्हणाले, ‘माफ करा हं, कडी वाजवली.’ बाई केस बांधता बांधता म्हणाल्या, ‘काका, कडीचं राहू द्या, काकूंना पालथं झोपवलंय का?’ पहाटेपर्यंत त्या बसून राहिल्या, सात ठिकाणी बोलल्या, आणि उजाडण्याच्या सुमारास खाट मिळाली. काकू बऱ्या होऊन घरी आल्या. फलकावरील ते शेवटचे कलम कोणी काढले याची चौकशी झाली नाही. कागद मात्र चिटणिसांच्या खिशात होता, असे उद्वाहकात त्यांच्याबरोबर असलेल्या एका मुलाने सांगितले.

लसीकरणाच्या काळात उपकारांची दिशा पुन्हा फिरली. वृद्धांच्या लसीची वेळ राखून ठेवण्याचे काम तरुणांच्या बोटांवर आले. ज्या मुलांना ‘सारखा तो भ्रमणध्वनी’ म्हणून बोलणी बसत असत त्यांच्यापुढे आजोबा आधार कार्ड घेऊन अर्जदाराच्या मुद्रेने उभे राहू लागले. १५ ऑगस्ट २०२१पासून, दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांना लोकलची मुभा मिळाली, आणि आमच्या समोरचे गृहस्थ प्रमाणपत्राची नक्कल घेऊन पनवेल स्थानकावरील रांगेत पहाटेच हजर झाले. त्यांच्या खिडकीच्या खुर्चीवर आता मांजर बसते.

त्या दिवाळीनंतर संस्थेची सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, रंगकाम आणि थकलेली वर्गणी यांच्या खालोखाल ‘इमारतीत इतस्ततः गेलेल्या भांड्यांची परतफेड’ हा विषय होता, आणि कोणत्याही सभेस नसेल इतकी हजेरी त्या विषयापुरती होती. प्रत्येकाने दुसऱ्यांची भांडी आणली होती. आणि दंडक तो दंडक, एकही रिकामे नव्हते. कोणात चकल्या, कोणात चिवडा, कोणात अनरसे, अतिखर्चाच्या वर्षात निगुतीने केलेले. नावे वाचून भांडी मालकांच्या हवाली होऊ लागली तसतसा घोटाळा वाढत गेला. कारण ज्याला आपले एक भांडे परत मिळे त्याच्या पदरी दुसऱ्याचा फराळ पडे, आणि जुने ऋण फिटता फिटता नवे उभे राही. परिचारिकाबाईंनी कोणालाच डबा दिलेला नव्हता, त्यांना तेवढा वेळच नव्हता. तरी त्यांच्यापुढे सर्वांत मोठी रास झाली, आणि त्यांतला सर्वांत वरचा डबा चिटणिसांच्या घरचा होता. ‘अहो, कशाला उगाच,’ असे त्या एकदाच म्हणाल्या आणि तो सरळ उघडून आसपासच्या मुलांना वाटू लागल्या. घेण्याची विद्या जर कोठे असेल तर ती एवढीच असावी.

अव्वल कारकून एका बाजूस वही उघडून बेरजा करीत बसले होते. मी विचारले, ‘काय हो, रावसाहेब, हिशेब चुकता होतोय का?’ ते म्हणाले, ‘खातं चुकतं झालं की दप्तर बांधून अभिलेखात जातं. मग त्याला उंदरांखेरीज कोणी विचारीत नाही. ज्यावर बाकी असते ते खातं दरसाल काढावं लागतं, माणसाला बोलावणं पाठवावं लागतं, तो येतो, बसतो, चहा होतो. तुम्हाला वाटतं तालुका वसुलीवर चालतो? तालुका बाकीवर चालतो.’ त्यांनी कातकरी बाईची उधारीदेखील अद्याप फेडलेली नाही, असे मला त्यांच्या घरून कळले होते. दर पावसाळ्यात ती येते, ते सुटे पैसे मुद्दाम घरी विसरतात, ती त्यांना चार शब्द सुनावते, आणि वर काकडे देऊन जाते.

भांड्यांचा विषय सर्वानुमते पुढील सभेपर्यंत तहकूब झाला, तसा ठराव इतिवृत्तात आहे. अव्वल कारकुनांनी पान उलटले, ‘बाकी मागील पानावरून पुढे ओढली’ असे ठळक अक्षरांत लिहिले, माझ्या डब्यातली एक चकली उचलली, आणि ती तोंडात टाकण्यापूर्वी तिची नोंद केली.